बारा पाहुण्यांची एकादशी

हेमचंद्र: …आणि खाली इथे तुझी सही. दुभाषी म्हणून. शिक्का मी मारतो.

सुचित्रा: सही नाही करत मी, सर.

हेमचंद्र: पेन देऊ?

सुचित्रा: पेन आहे. सही नाही करत, असं बोलले.

हेमचंद्र: अगं, एक वाजायच्या आत मेल जायला हवं. तिकडे जपानात तेव्हा साडेचार होतात आणि पाचला त्या गावसमितीचं ऑफिस बंद. बारा प्रवासी, बारा फॉर्म, आणि बाराही जणांनी प्रत्येक रकान्यात पाचपैकी पाच तारे दिलेत. पस्तीस वर्षं दादरला बसून लोकांना जगभर हिंडवतोय मी. असे फॉर्म मला आजवर कोणी भरून दिले नाहीत.

सुचित्रा: 'जेवण' हा रकाना बघा. तिथेपण पाच.

हेमचंद्र: मग चांगलंच आहे की.

सुचित्रा: जेवलं कोण, सर? बारातल्या एकानेही त्या घरचा घास तोंडात घातला नाही. मी होते ना तिथे. आणि आता पाच-पाच तारे. काल हे जपानीत उतरवलं मी. सहाव्या फॉर्मला उठले आणि तोंडावर पाणी मारून आले.

हेमचंद्र: तू फार मनाला लावून घेतेस. लोक फॉर्म असेच भरतात. विमानतळावर, मांडीवर पिशवी ठेवून.

सुचित्रा: दुसऱ्या सहलींत भरू देत. ही चाचणी सहल होती. चौसष्ट घरांचं गाव, त्यातली वीस घरं बंद. पोरं सगळी शहरात. त्यांनी काय सांगितलं आपल्याला? या, आमच्या घरात राहा, आम्ही खातो ते खा, आमच्या बायकांबरोबर बसून पेंढ्याच्या चपला वळा, आणि जाताना खरंखरं सांगा, काय आवडलं, काय नाही. मग आम्ही ठरवू, भारतातून माणसं बोलवायची की नाही. बस. खरंखरं सांगा, एवढंच मागितलं होतं त्यांनी.

हेमचंद्र: ते मला नको सांगूस, बोलणी मी केलीत. आणि तुझ्या भरवशावर केलीत. समिती हो म्हणाली की ऑक्टोबरपासून वर्षाला आठ सहली. आठही तू नेणार. लालबागच्या चाळीतून संध्याकाळच्या क्लासला येऊन पाच वर्षं जपानी शिकलीस, ती काय कॉल सेंटरमध्ये बसून त्यांच्या प्रिंटरच्या तक्रारी ऐकायला? ती नोकरी सोडून आलीस ना माझ्याकडे? मग या कागदावर तुझं पुढचं सगळं आहे, बाळा. नीट विचार कर.

सुचित्रा: माहितीये. म्हणून तर आलेय. नाहीतर सुट्टी टाकून घरी पडले असते.

हेमचंद्र: पण झालं काय एवढं? तू तिथून फोन केलास, म्हणालीस, जेवणाचा जरा प्रश्न होता, निभावला. मी म्हटलं, शाबास.

सुचित्रा: ते शाबास अजून डोक्यातून जात नाहीये. निभावला म्हणजे कसा, ते तुम्ही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही.

हेमचंद्र: आता सांग.

सुचित्रा: पहिला मुक्काम तोमिकोसानकडे होता. एकोणऐंशी वर्षांची बाई. नवरा गेलेला, मुलगा टोकियोला. एवढ्या मोठ्या लाकडी घरात एकटी राहते. आपण आधी कळवलं होतं, ही माणसं मासे-मटण खात नाहीत. आता त्यांच्याकडे साध्या आमटीच्या पाण्यातपण मासा असतो. म्हणून तिने वाळवलेले मशरूम आणि समुद्रातलं शेवाळ घालून वेगळं पाणी केलं. पातेल्याला जुना माशाचा वास येतोय असं वाटलं म्हणून ते ओतून दिलं, परत केलं, परत ओतलं. शेवटी बसने तालुक्याला गेली आणि नवं पातेलं घेऊन आली. हे मला तिने नाही सांगितलं, शेजारणीने सांगितलं. डोंगरातून रानभाजी आणली, राखेच्या पाण्यात ठेवून तिचा कडवटपणा काढला. तीळ हाताने वाटले, दोन दिवस. त्या तिळाच्या दुधाची वडी करतात ते लोक, मऊ, पांढरी. माणशी अकरा वाट्या. तिचं, माझं आणि आपल्या कुशाबाचं धरून पंधरा ताटं. मांडताना प्रत्येक वाटी फिरवून बघायची, वाटीवरचं फूल पाहुण्याच्या बाजूला आलंय ना.

हेमचंद्र: सुंदर. हे सगळं आपल्या माहितीपत्रकात यायला हवं.

सुचित्रा: थांबा, सर. पुढचं पण येऊ दे मग. सगळे बसले. झाकणं उघडली. आणि आपल्या बारांतल्या रघुवीरकाकांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. तिच्या समोर. बोलले, कसला वास हा, शेवाळ्यासारखा. आता शेवाळंच होतं ते. मग त्यांच्या मिसेसनी वाटी दोन बोटांनी पुढे ढकलली. एक जण बोलला, ही वडी हलतेय बघ. हसले सगळे. फोटो काढले, आधी वाटीचे, मग वाटीबरोबर तोंड वाकडं करून स्वतःचे. ओकारी आल्याची अ‍ॅक्टिंग करून. रिटायर झालेली माणसं, सर. शिकलेली. नातवंडं असलेली.

हेमचंद्र: बाईंना मराठी कळत नाही, हे एक बरं.

सुचित्रा: रुमाल कळतो ना. ती माझ्याकडे सरकली आणि हळू विचारलं, माझं काही चुकलं का? मी काय बोलणार? बारा माणसं अशी बसलेली, आणि ती बाई गुडघ्यावर हात ठेवून. मी बोलले, नाही हो, आज यांचा उपवास आहे. धर्माचा. मलाच आत्ता कळलं.

हेमचंद्र: एकादशी.

सुचित्रा: तोच शब्द सांगितला मी. साधी अष्टमी होती त्या दिवशी. शुद्ध की वद्य तेपण मला माहीत नाही.

हेमचंद्र: पण मग निभावलंसच की. कोणाचा अपमान नाही, कोणाला वाईट वाटलं नाही. पस्तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. सुचित्रा, याला म्हणतात सहल सांभाळणं.

सुचित्रा: तिने कपाळ जमिनीला लावलं, सर. माझी माफी मागितली. उपवासाच्या दिवशी तुमच्या पुढे अन्न मांडलं, म्हणून. आणि पंधराची पंधरा ताटं एकटीने उचलली. मी मदतीला गेले तर नको बोलली, तुझाही उपवास असेल. मग माडीवर आपल्या लोकांनी पिशव्या उघडल्या. भाकरवडी, चिवडा, ठेपले, लसणाची चटणी. कुशाबाने पाकीट फोडून पावभाजी गरम केली. कशात माहितीये? तिने प्रत्येक खोलीत चहासाठी विजेची किटली ठेवली होती, त्या किटलीत.

हेमचंद्र: कुशाबाला मी सांगितलं होतं, शेगडी काढू नकोस म्हणून.

सुचित्रा: तेवढंच सांगितलंत तुम्ही. स्वयंपाकी आणायचा नाही, हे समितीने आधी लिहून घेतलं होतं आपल्याकडून. तरी तुम्ही त्याला माझा असिस्टंट बनवून पाठवलंत. त्या किटलीचं तोंड एवढंसं. पावभाजी आत चिकटली, पिवळीजर्द झाली, घरभर बटरचा आणि मसाल्याचा वास. सकाळी ती बाई मोरीत बसून बारक्या ब्रशने किटली आतून घासत होती. मला बघितलं तर हसली. आणि विचारलं काय? उपवास सुटला का? सुटला असेल तर आता मीपण खाते.

हेमचंद्र: म्हणजे?

सुचित्रा: म्हणजे तीपण जेवली नव्हती. घरात पाहुणे उपाशी, मग आपण कसं खायचं. त्या वयाची बाई, सर, आमच्यामुळे रिकाम्या पोटी झोपली. आणि आम्ही वर भाकरवडीच्या पुड्या फोडत होतो.

हेमचंद्र: आम्ही म्हणजे? तू नव्हतीस ना त्यात.

सुचित्रा: मी दोन खाल्ल्या. भूक लागली होती. रघुवीरकाकांनीच दिल्या, बोलले, वाचवलंस गं पोरी आम्हाला. आणि मी खाल्ल्या. घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, हात थांबला तिचा. बोलली, 'ताटावरसून उठलंस आणि वर देवाचा नाव घेतलंस? असला खोटा खंयच्या देवाक चलता गो?' त्यानंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मला बाकीच्यांची किळस येते ना, ती मी समजू शकते. पण माझी येते, तिचं काय करू?

हेमचंद्र: हे बघ. पाणी पी. मी पहिली परदेशची सहल नेली ना, तेव्हा पाचव्या दिवशी एक गृहस्थ स्टेशनच्या बाकावर बसून रडले होते. मोठे अधिकारी होते. का? तर पाच दिवस भात मिळाला नव्हता. त्या दिवशी मी ठरवलं, आपला माणूस कुठेही जावो, त्याला वरण-भात मिळाला पाहिजे. लोक हसतात आम्हाला, की तुम्ही बर्फाच्या डोंगरावर पोहे नेता. हसू देत. उपाशी माणसाला डोंगर दिसत नाही. धंदा नाही हा, माझा धर्म आहे.

सुचित्रा: ते गृहस्थ डोंगर बघायला गेले होते. आपण हिच्याकडे जेवायलाच गेलो होतो. सहलीचं नावच ते होतं. तिथली माणसं कशी राहतात, काय खातात, ते बघायची सहल.

हेमचंद्र: बरं, चुकलं. पुढच्या वेळी सुधारू. आणि बाई रागावलेल्या तर अजिबात नाहीत, हे त्यांचं परवा आलेलं पत्र सांगतं. तू स्वतः मला वाचून दाखवलंस.

सुचित्रा: पुन्हा वाचू? 'तुमच्या बारा पाहुण्यांच्या उपवासाच्या दिवशी मी अजाणता अन्न मांडलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून वर्षातले उपवासाचे दिवस कळवावेत. गावच्या वाचनालयात भारतावरचं एक पुस्तक मिळालं. त्यात लिहिलंय की उपवासाला बटाटा आणि शेंगदाणा चालतो. शेंगदाणा आमच्या थंडीत नीट येत नाही. बटाटे लावले आहेत.'

हेमचंद्र: बटाटे लावलेत. बघ, किती उत्साह आहे. मी ऑफिसातल्या नूपुरला कालच सांगितलं, तिने पुढच्या वर्षीच्या चोवीस एकादश्या, चतुर्थ्या, महाशिवरात्र, सगळं कॅलेंडरवरून उतरवून ठेवलंय. तू फक्त जपानीत कर. आणि मी म्हणतो, हेच आपलं वैशिष्ट्य करू या. 'जपानच्या खेड्यात उपवासाचं ताट.' गिरगाव, दादर, पार्ले, तिन्हीकडून बुकिंग येईल.

सुचित्रा: सर, तुम्हाला ऐकू येतंय का, तुम्ही काय बोलताय? मी भीतीने एक खोटं बोलले. तुम्ही त्याची सहल करताय.

(काचेचं दार उघडून मृणालिनीताई आत येतात. हातात कापडी पिशवी.)

मृणालिनी: येऊ का हो, हेमचंद्रराव? नाही नाही, उठू नका. गिरगावातून दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायचंच होतं, म्हटलं फोटो देऊन जावेत. नातवाने या एवढ्याशा काडीत भरून दिलेत, चारशे आहेत. सुचित्रा, कशी आहेस गं? वाळलीस.

हेमचंद्र: या, मृणालिनीताई, बसा. तुमचाच फॉर्म समोर आहे. तुम्ही तर खाली चार ओळीही लिहिल्यात.

मृणालिनी: मनापासून लिहिल्यात हो. विमा कंपनीत छत्तीस वर्षं नोकरी झाली माझी, खोटं लिहायची सवय नाही. ती म्हातारी किती गोड. आणि किती स्वच्छता. आमच्या खोताच्या वाडीत पूर्वी अशीच लाकडी घरं, असाच जिना. मला अगदी माहेरी आल्यासारखं झालं.

सुचित्रा: काकू, तुम्ही जेवणाला पाच तारे दिलेत.

मृणालिनी: दिले ना.

सुचित्रा: तुम्ही जेवला नाहीत.

मृणालिनी: अगं, तिची मेहनत दिसत होती ना. मेहनतीला दिले. त्या मऊ वडीचं मला काही जमलं नसतं, ते थरथरणारं काही मी खात नाही. पण म्हणून कमी तारे देऊन तिचं मन कशाला दुखवा? आणि तू किनई, फार हुशारीने वेळ मारून नेलीस. मी घरी सगळ्यांना सांगितलं. जावई तर हसून हसून पडले.

हेमचंद्र: तेच मी हिला सांगतोय. ही मात्र मनाला लावून बसलीय.

मृणालिनी: कशाला गं? म्हातारीला काही वाईट वाटलं नाही. ती आली होती की वर, आम्ही खात होतो तेव्हा.

सुचित्रा: कोण आली होती?

मृणालिनी: तीच. तू नव्हतीस, तुला फोन लागत नव्हता म्हणून बाहेर रस्त्यावर गेली होतीस, हेमचंद्ररावांना फोन करायला. ही रजया घेऊन आली. एवढा ढीग होता, तोंड दिसत नव्हतं तिचं. पोटात काही नसलं की जास्त गारठतं, म्हणून आणल्या असतील बिचारीने. दार सरकवलं, तर आम्ही सगळे गोल बसून खातोय. मध्ये ती किटली.

सुचित्रा: मग?

मृणालिनी: मग काय, आम्ही जरा चपापलो. रघुवीररावांच्या हातात तर ठेपला तसाच. मला कसंतरी वाटलं, म्हटलं हिलाही द्यावं काहीतरी. मी एक भाकरवडी दिली तिला. खुणेने सांगितलं, खा, खा.

सुचित्रा: तिने घेतली?

मृणालिनी: घेतली की. दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात ना तशी. वाकली. पण खाल्ली नाही तिथे, कागदाच्या रुमालात गुंडाळून कमरेच्या पट्ट्यात ठेवली. मग एकेकाच्या मागे एकेक रजई ठेवली आणि दार ओढून गेली. इतक्या हळू ओढलं, आवाज म्हणून नाही.

सुचित्रा: हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?

मृणालिनी: त्यात काय सांगायचं? तिने तर काही म्हटलंच नाही. उलट सकाळी अशी हसून वागली. साधी असतात गं ती खेड्यातली माणसं, त्यांना कुठे एवढं कळतंय.

हेमचंद्र: ताई, चहा सांगू?

मृणालिनी: नको हो, उपवास आहे माझा, आज खरी एकादशी. चहा चालतो, पण बाहेरचा नको. बरं, ऑक्टोबरच्या सहलीचे कागद छापलेत का? माझ्या वहिनीला जायचंय. ती उपासतापास कडक पाळते, तिला हे बटाट्याचं बरं पडेल. नूपुर काल फोनवर सांगत होती, तुम्ही उपवासाचं ताट ठेवणार आहात म्हणून. छान कल्पना आहे. येते मी. सुचित्रा, तब्येतीला जप गं, असं मनात घेऊन बसू नये.

हेमचंद्र: …गेल्या. हं, घे पेन.

सुचित्रा: तिला माहीत होतं.

हेमचंद्र: असेल. त्याने काय फरक पडतो?

सुचित्रा: किटली बघूनही मी धरून चालले होते, की तिला वाटलं असेल, आम्ही पहाटे उपवास सोडला. तिला तेव्हाच कळलं, उपवास वगैरे काही नाही. तिचं अन्न कोणी खाल्लं नाही आणि वर मी तोंडावर खोटं बोलले. हे कळून तिने रजया ठेवल्या. सकाळी मोरीत बसून मला विचारलं, उपवास सुटला का. मी बोलले, सुटला. सर, ती मला वाट काढून देत होती आणि मी बिनधास्त त्या वाटेने निघून गेले. आणि आता हे पत्र. समितीच्या पत्त्यावर पाठवलंय तिने, त्यांच्याकडून आपल्याकडे आलंय. सगळ्या गावाने वाचलं असेल. कुठेही लिहिलं नाही की पाहुण्यांनी माझं ताट सोडलं आणि पिशवीतलं खाल्लं. लिहिलं की चूक माझी झाली, आणि बटाटे लावले.

हेमचंद्र: म्हणजे तीच म्हणतेय ना, प्रकरण मिटलं. तिला मिटवायचंय, मला मिटवायचंय, बारा प्रवाशांना मिटवायचंय. तू एकटी कशाला उकरतेस? तिच्या मोठेपणाचा मान राख आणि सही कर.

सुचित्रा: हे तुम्ही इतकं सरळ बोलता ना, की एक सेकंद मलाही पटतं. मग अंगावर काटा येतो. एका म्हातारीने आपली लाज झाकली, तर आपण तिच्या त्याच पदराला हात पुसायचे?

हेमचंद्र: पावणेएक वाजला. मला एवढंच सांग, तू काय पाठवणार आहेस?

सुचित्रा: बाराही फॉर्म जसेच्या तसे. तारे त्यांचे आहेत, मला खोडायचा हक्क नाही. सोबत तोमिकोसानना माझं पत्र. पहाटेच लिहून ठेवलं होतं, आत्ता त्यात एक ओळ वाढवली, काकू बोलत होत्या तेव्हा. मराठीत सांगते. 'दुभाषी म्हणून माझं काम होतं, जे बोललं जातं ते सांगणं. तुमच्या घरी मी ते केलं नाही. त्या दिवशी उपवास नव्हता. पाहुण्यांना जेवायचं नव्हतं. मला लाज वाटली, तुमच्या जेवणाची नाही, आमची, म्हणून मी खोटं सांगितलं. माडीवर मीही खाल्लं. बारा फॉर्मवरचे जेवणाचे तारे न जेवता दिलेले आहेत. रजया कोणी आणल्या, हे मला आज कळलं.'

हेमचंद्र: एवढंच?

सुचित्रा: अजून एक. 'त्या जेवणातलं एका माणसाने खाल्लं, हे तुम्हाला माहीत नसेल. आमच्याबरोबरचे कुशाबा. ते माझे सहाय्यक नाहीत, स्वयंपाकी आहेत. पहाटे पाणी प्यायला गेले तेव्हा तुमच्या ओट्यावर झाकलेल्या वाट्या होत्या. त्यांनी उभ्याने तीन खाल्ल्या. बसमध्ये मला सांगितलं, बावीस देशांच्या हॉटेलांतली स्वयंपाकघरं बघितली, पण असा हात कुठे बघितला नाही. तिळाची वडी कशी करतात, ते विचारा म्हणाले. मी विचारलं नाही.'

हेमचंद्र: कुशाबाचं नाव काढ.

सुचित्रा: नाही, सर. तिच्या जेवणाला मिळालेला तेवढाच एक खरा फॉर्म आहे.

हेमचंद्र: लिहून दिलेली अट मोडली, हे आपणच कबूल करायचं? समिती उद्या सगळं रद्द करेल. बाकीच्या गावांना कळवेल. पस्तीस वर्षांचं नाव आहे माझं.

सुचित्रा: मग शिक्का नका मारू. मी माझ्या नावाने पाठवते, माझ्या मेलवरून. कंपनीचं नाव घालत नाही. त्यांना काय समजायचं ते समजू दे.

हेमचंद्र: आणि ऑक्टोबर? झालीच सहल, तर ऑफिसातल्या हितेंद्रला पाठवीन मी. हे धमकी म्हणून नाही सांगत. तुझ्याबरोबर प्रवासी देताना मला आता भीती वाटेल.

सुचित्रा: पाठवा.

हेमचंद्र: त्याला जपानीचं अक्षर येत नाही.

सुचित्रा: बरंय. त्याला तिच्याशी खोटं बोलता येणार नाही.

हेमचंद्र: सुचित्रा, मी वाईट माणूस नाहीये गं.

सुचित्रा: मला माहितीये, सर. मृणालिनीकाकूपण वाईट नाहीत. रघुवीरकाकांनी मला शिंका आल्या तर स्वतःची गोळी दिली होती. तेच तर गिळवत नाही मला. एकही माणूस वाईट नव्हता तिथे.

हेमचंद्र: …थांब जरा. सेंड दाबू नकोस. पाच मिनिटं विचार कर. समज, त्यांनी चिडून तुझं नाव काळ्या यादीत टाकलं. पुन्हा त्या गावात पाऊल ठेवायची सोय राहणार नाही. पाच वर्षं भाषा शिकलीस, ती कुठे वापरणार?

सुचित्रा: गेलं, सर. दाबलं मी.

हेमचंद्र: आणि त्यांचं उत्तर नाहीच आलं, तर?

सुचित्रा: तर नाही. आलं आणि तोमिकोसान ये बोलली, तर रजा टाकून, साठवून, कशीही जाईन. तुमच्याबरोबर नाही, कोणाला घेऊन नाही. एकटी जाईन आणि जेवून येईन.